फ्लॉरेन्स : पावलांनी वाचलेले नगर

परक्या माणसाला शहर हिंडून दाखवणाऱ्या जाणकारासाठी इटलीत ‘चिचेरोने’ असा एक जुना शब्द आहे. प्राचीन रोमचा थोर वक्ता सिसेरो याच्या नावावरून तो आला, असे मानतात. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सधन घराण्यांतले तरुण शिक्षण पुरे झाले की इटलीच्या दीर्घ प्रवासाला निघत, आणि प्रत्येक जुन्या नगरात असा एखादा चिचेरोने त्यांना गाठ पडे. आपल्याकडे तीर्थक्षेत्री उतरलेल्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय भेटतो, कुळाची वही काढतो आणि कोणत्या घाटावर काय करायचे ते सांगतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की या वाटाड्याच्या वहीत यात्रेकरूचे कूळ नसते. नगराचे कूळ असते. फ्लॉरेन्सपुरते बोलायचे तर ही परंपरा आणखी जुनी आहे. त्या नगरातील कलाकृती व वास्तू परक्यांना दाखवण्याच्या हेतूने फ्रान्चेस्को बोक्की या लेखकाने १५९१ मध्येच एक पुस्तक छापून प्रसिद्ध केले होते.

आज इटलीत हे काम करण्यासाठी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. पन्नास माणसांच्या घोळक्यापुढे छत्री उंच धरून चालणारा मार्गदर्शक तेथे चौकाचौकांत दिसतो. पण दोन-चार जणांनी मिळून आपल्यापुरता मार्गदर्शक ठरवण्याचीही सोय आहे. या दुसऱ्या रीतीचा लाभ असा, की फेरीचा विषय आपल्याला ठरवता येतो. आम्ही चौघे होतो. चौघांचाही जन्म अध्यापनात गेलेला. चित्रे व शिल्पे पाहण्यासाठी दोन दिवस राखून ठेवलेच होते; म्हणून आमच्या मार्गदर्शक बाईंना आम्ही विनंती केली, की एक दिवस आम्हांला या नगराची पुस्तके दाखवा. बाई क्षणभर थांबल्या, मग नकाशावर त्यांनी उत्तरेकडच्या सान मार्कोच्या मठापासून दक्षिणेला आर्नो नदीपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. सारे अंतर चालत तीन-साडेतीन किलोमीटरांचे. तेवढ्यात सहाशे वर्षे बसली होती.

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त काही लिहावे असे सुचवण्यात आले, तेव्हा मला त्या रेघेची आठवण झाली. या लेखात क्रम त्या पायी फेरीचा ठेवला आहे. विषय मात्र आहे तो ग्रंथ कसे जमतात, कसे विखुरतात आणि कोणामुळे टिकतात हा.

सान मार्को हा डॉमिनिकन पंथाच्या साधूंचा मठ. फ्रा अँजेलिको या साधु-चित्रकाराने तेथील खोल्याखोल्यांतून काढलेल्या भित्तिचित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे, आणि १८६९ पासून तेथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर, खोल्यांच्या रांगेत एके ठिकाणी, एक लांबट दालन लागते. सडपातळ स्तंभांच्या दोन ओळींनी त्याचे तीन भाग पडलेले. वर कमानी, दोन्ही बाजूंनी खिडक्यांतून येणारा मऊ उजेड. आज येथे वाचनाचे बाक नाहीत. काचेच्या पेटीत ठेवलेल्या थोड्या सचित्र पोथ्या तेवढ्या आहेत. पण युरोपातील सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना नव्या काळात जेथे आकाराला आली, त्या थोड्या ठिकाणांपैकी हे एक. मिकेलोझ्झो या वास्तुकाराने ते बांधले आणि १४४४ मध्ये ते पुरे झाले.

त्यामागे एका ग्रंथवेड्याची गोष्ट आहे. निक्कोलो निक्कोली हा लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचा धंदा त्याने केला नाही. वारशाने आलेली मालमत्ता मात्र पोथ्या विकत घेण्यात घालवली. ज्या विकत मिळेनात त्या त्याने स्वतः नकलून काढल्या. भरभर लिहिण्यासाठी त्याने घडवलेले किंचित तिरके वळण पुढे छापखान्यांनी उचलले. इंग्रजी पुस्तकांत आपण ज्याला ‘इटॅलिक’ म्हणतो त्या टाइपाचा उगम या वळणात शोधला जातो. १४३७ मध्ये निक्कोली वारला तेव्हा त्याच्यापाशी सुमारे ८०० ग्रंथ होते आणि डोक्यावर कर्ज होते. त्यातही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की समकालीन चरित्रकाराच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी त्याचे २०० ग्रंथ घरात नव्हतेच. ते लोकांनी वाचायला नेलेले होते. ग्रंथालयाच्या देवघेव विभागात ज्यांनी काम केले आहे त्यांना या आकड्याने धडकी भरेल. निक्कोलीला ती भरली नव्हती असे दिसते, कारण आपले ग्रंथ विद्येच्या सर्व उपासकांना खुले राहावेत अशीच त्याची अखेरची इच्छा होती.

इच्छा एक आणि सावकार दुसरे. येथे कोसिमो दे मेदिची पुढे आला. नगरातला सर्वांत मोठा पेढीवाला तो. त्याने निक्कोलीचे कर्ज फेडले आणि त्या बदल्यात ग्रंथांची व्यवस्था लावण्याचा अधिकार घेतला. सुमारे ४०० ग्रंथ सान मार्कोच्या या दालनात आले. आणखी कोणते ग्रंथ असावेत याची यादी तोम्मासो पारेन्तुचेल्ली या विद्वानाने करून दिली. हाच पुढे पाचवा निकोलस या नावाने पोप झाला आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा पाया त्याने घातला. विद्वानाची आवड, धनिकाचा पैसा, जाणकाराची यादी आणि मठाची जागा अशा चार गोष्टी जुळून आल्या तेव्हा हे ग्रंथालय उभे राहिले. कोणत्याही गावातील जुन्या ग्रंथालयाच्या पहिल्या इतिवृत्ताची वही उघडावी. लहान प्रमाणावर का होईना, हेच चार धागे तेथे सापडतात.

पण जमलेले ग्रंथ जागेवर राहतात थोडेच! १४९१ मध्ये साव्होनारोला या मठाचा प्रमुख झाला. चैनीच्या वस्तू, मुखवटे, गंजिफा, चित्रे आणि पुस्तकेही ज्यात टाकली गेली ती १४९७ सालची प्रसिद्ध होळी त्याच्याच प्रेरणेने पेटली. सर्वसाधारण वाचकाला साव्होनारोला ठाऊक असतो तो एवढाच. मात्र १४९४ मध्ये मेदिची घराण्याला नगरातून हाकलून दिल्यावर त्यांचा खासगी ग्रंथसंग्रह जप्त होऊन विखुरण्याच्या बेतात होता, तेव्हा पैसे मोजून तो सान मार्कोच्या मठात आणवला तोही याच साव्होनारोलाने. एकाच माणसाच्या हाताने पुस्तके आगीत पडली आणि आगीतून वाचलीही. ८ एप्रिल १४९८ रोजी संतप्त जमावाने मठाला वेढा घातला. पकडला जाण्यापूर्वी या ग्रंथदालनातच त्याने आपल्या सहकारी साधूंचा निरोप घेतला, अशी परंपरा आहे. २३ मे रोजी नगराच्या मुख्य चौकात त्याला फाशी देऊन जाळण्यात आले. त्या चौकात ती जागा दाखवणारी गोल शिला फरसबंदीत बसवलेली आहे. हजारो पावले रोज तिच्यावरून जातात. पुढे नेपोलियनच्या काळात, १८०८ मध्ये, मठ बरखास्त झाला आणि त्याचे ग्रंथ नगरातील इतर संग्रहांत वाटले गेले. दालन उरले, ग्रंथ शोधायचे तर रस्त्याला लागले पाहिजे.

सान मार्कोपासून दहा मिनिटांच्या वाटेवर सान लोरेन्झोचे देवालय आहे. त्याच्या अंगणाच्या वरच्या मजल्यावर लॉरेन्शियन ग्रंथालय आहे. मेदिची घराण्याचे ग्रंथ त्या पडझडीनंतर कार्डिनल जोव्हान्नी दे मेदिची याने १५०८ मध्ये पुन्हा विकत घेऊन रोमला नेले. त्याच घराण्यातील पोप सातवा क्लेमेंट याने ते फ्लॉरेन्सला परत आणायचे ठरवले आणि त्यांच्यासाठी वास्तू उभारण्याचे काम मायकेल अँजेलोवर सोपवले. काम १५२४ च्या सुमारास सुरू झाले. १५३४ मध्ये मायकेल अँजेलो नगर सोडून गेला तो पुन्हा परतला नाही. प्रवेशदालनातला जिना अपुराच होता. पंचवीस वर्षांनी त्याने रोमहून मातीचा एक छोटा नमुना करून पाठवला आणि त्यावरून अम्मानाती या शिल्पकाराने करड्या दगडात तो जिना पुरा केला. प्रवेशदालन अरुंद आणि उंच. त्यात हा जिना वरून ओघळत आल्यासारखा रुंदावत उतरतो. तो चढून वर गेले की लांबलचक, शांत, खिडक्यांच्या दुहेरी रांगेने उजळलेले वाचनालय समोर येते. १५७१ मध्ये ते वाचकांसाठी उघडले.

तेथील बाकांची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बसण्याचा बाक आणि पुस्तक ठेवण्याचा उतरता फलक एकाच लाकडी बैठकीत जोडलेले. पूर्वी ग्रंथ साखळीने त्या फलकाला बांधलेले असत. प्रत्येक बाकाच्या टोकाला, वाटेवरून चालणाऱ्याला दिसेल अशी, त्या बाकावरच्या ग्रंथांची यादी लिहिलेली आहे. म्हणजे तालिका वेगळ्या खोलीत नव्हती, ती वाचकाबरोबर चालत होती.

आज या संग्रहात सुमारे ११,००० हस्तलिखिते आहेत. व्हर्जिलच्या काव्याची पाचव्या शतकातील प्रत त्यात आहे. सान मार्कोच्या पोथ्यांपैकी बऱ्याच येथे आल्या आहेत. परंतु मला सर्वांत विचार करायला लावले ते एका वेगळ्याच ग्रंथाने. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेखाली गेलेल्या मेक्सिकोमध्ये बेर्नार्दिनो दे साआगुन या ख्रिस्ती साधूने तेथील मूळच्या लोकांकडून त्यांचे देव, सण, औषधे, पशुपक्षी आणि त्यांच्या पराभवाची हकीकत त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत लिहून घेतली आणि सोबत स्पॅनिश मजकूर दिला. बारा भागांचा तो सचित्र ग्रंथ फिरत फिरत मेदिचींच्या हाती आला आणि आजही येथेच आहे. जगभरचे अभ्यासक त्याला फ्लॉरेन्सच्याच नावाने ओळखतात. ज्यांचे राज्य बुडाले त्यांची भाषा समुद्रापलीकडच्या एका कपाटात सुरक्षित राहिली. आपल्या भाषेच्या मुख्य प्रदेशाबाहेर शंभर वर्षे मराठी पुस्तके जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांना या गोष्टीचा अर्थ निराळा सांगायला नको.

सान लोरेन्झोपासून नैर्ऋत्येला, नदीच्या दिशेने चालू लागलो की वाटेत घरांचे क्रमांक गोंधळात टाकतात. तांबडे क्रमांक दुकानांचे आणि निळे-काळे राहत्या घरांचे. दोन्ही मालिका एकाच रस्त्यावर आपापल्या गतीने पुढे जातात. बरोबर माहीतगार नसेल तर पत्ता हातात असून माणूस हरवतो. या वाटेवर पालाझ्झो स्ट्रोझी हा पंधराव्या शतकातला भक्कम दगडी वाडा येतो. त्यात एक संस्था आहे, जिचे आपल्यासारख्यांशी जवळचे नाते आहे.

जिनिव्हाच्या घराण्यातला व्यापारी जोव्हान पिएत्रो व्ह्यूसो फ्लॉरेन्सला आला आणि १८२० मध्ये त्याने सान्ता त्रिनिता चौकातील एका वाड्यात वर्गणीचे वाचनालय उघडले. राजाश्रय नाही, मठ नाही. वर्गणी भरावी आणि युरोपभरची वृत्तपत्रे, नियतकालिके वाचावीत, पुस्तके घरी न्यावीत. पाठोपाठ त्याने ‘आंतोलोजिया’ हे मासिक काढले. इटली तेव्हा तुकड्या-तुकड्यांत विभागलेली होती. मासिकातले विचार सत्तेला मानवेनात. १८३३ मध्ये ते बंद पाडण्यात आले. वाचनालय मात्र चालू राहिले. तेथील सभासदांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांत स्तांदालसारख्यांच्या सह्या आहेत. १८६८-६९ मध्ये दोस्तोएव्हस्की या नगरात राहून ‘इडियट’ ही कादंबरी पुरी करत होता. हाताशी पैसा नव्हता, देश दूर होता, आणि रशियन वृत्तपत्रे वाचायला मिळत ती याच वाचनालयात. परक्या गावात आपल्या भाषेचा छापील कागद हाती येणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून द्यावे लागले नसेल. ही संस्था १९४० पासून पालाझ्झो स्ट्रोझीत आहे.

दोन मिनिटे चालले की सान्ता त्रिनिताचा पूल. लॉरेन्शियनचा जिना पुरा करणाऱ्या अम्मानातीनेच हा पूल बांधला होता. ‘होता’ म्हणायचे कारण, आज दिसतो तो १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिलेला पूल आहे. ३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून आर्नोवरचे पूल उडवून दिले. सराफांच्या दुकानांचा जुना पूल, पोन्ते व्हेक्यो, तेवढा ठेवला; पण त्याच्या दोन्ही टोकांची मध्ययुगीन घरे पाडून वाट बुजवली. त्या घरांबरोबर व्हिया दे’ बार्दी या रस्त्यावरील कोलोम्बारिया या १७३५ पासूनच्या विद्वत्सभेची वास्तू आणि तिचा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखाली गेला. नदीच्या तळातून दगड वेचून काढून पूल पूर्वीसारखा बांधता आला. पुलावरच्या ‘वसंत’ ऋतूच्या पुतळ्याचे हरवलेले शिरही १९६१ मध्ये नदीत सापडले आणि बसवले गेले. पुस्तकांचे तसे करता येत नाही. जळालेला किंवा चिरडलेला ग्रंथ नदी परत देत नाही.

नदीकाठाने पूर्वेला पोन्ते व्हेक्यो ओलांडून गेल्यावर उफ्फिझीच्या मागे व्हिया देई जोर्जोफिली ही अरुंद गल्ली आहे. शेतीविद्येच्या अभ्यासासाठी १७५३ मध्ये स्थापन झालेल्या जोर्जोफिली अकादमीचे घर येथे आहे. २७ मे १९९३ च्या मध्यरात्रीनंतर येथे माफियाने मोटारीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. पाच माणसे मेली. त्यांत दोन लहान मुली होत्या. उफ्फिझीतील चित्रे नष्ट झाली आणि अकादमीचा मनोरा कोसळला. तो पुन्हा उभारला गेला आहे. आमच्या बाई तेथे फार काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही.

येथून वळून आम्ही बार्जेल्लोच्या किल्लेवजा वाड्यासमोरच्या व्हिया देल प्रोकोन्सोलो या रस्त्यावर आलो. पंधराव्या शतकात ही पुस्तकविक्यांची पेठ होती. व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची याचे दुकान येथेच होते. निक्कोलीची हकीकत ज्याच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली तो चरित्रकार हाच. ४५ लेखनिक कामाला लावून २२ महिन्यांत २०० ग्रंथ कोसिमोला नकलून दिल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्या हयातीतच छपाई आली. १४७६ पासून फ्लॉरेन्समधील सान याकोपो दी रिपोली या जोगिणींच्या मठात छापखाना चालू होता आणि तेथे जोगिणी स्वतः खिळे जुळवत. व्हेस्पासियानोने नव्या यंत्राशी जुळवून घेतले नाही. दुकान बंद करून तो गावी गेला आणि आयुष्यात भेटलेल्या थोर माणसांची चरित्रे लिहीत बसला. एक व्यवसाय संपला. पण तो संपताना ज्याने टिपून ठेवले त्याच्यामुळे आज आपण निक्कोलीला ओळखतो.

सान्ता क्रोचेच्या बाजूला वळलो की व्हिया सान रेमिजोच्या कोपऱ्यावर भिंतीत दोन खुणा दिसतात. खालच्या दगडावर कोरलेला हात पाण्याची लाट दाखवतो आहे. ती १३३३ सालच्या महापुराची खूण. तिच्याही वर दुसरी पाटी १९६६ सालची. दोन्हींवर तारीख एकच, ४ नोव्हेंबर. मान वर करून पाहावे लागते तेव्हा पाणी किती होते ते कळते. या भागात काही ठिकाणी ते पाच मीटरांच्या जवळपास चढले होते.

फेरीचा शेवट नदीकाठच्या राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालयापाशी झाला. त्याचा मूळ पुरुष आन्तोनियो माल्याबेकी (१६३३–१७१४). सोनाराच्या दुकानात उमेदवारी केलेला हा मुलगा पुढे मेदिचींचा ग्रंथपाल झाला. त्याच्या स्मरणशक्तीच्या दंतकथा युरोपभर पसरल्या होत्या. त्याच्या लॅटिन नावातील अक्षरांची उलटापालट करून ‘हा एकटाच एक मोठे ग्रंथालय’ असा अर्थ कोणी काढून दाखवला होता. मरताना त्याने आपले सुमारे ३०,००० ग्रंथ नगराला दिले, आणि ग्रंथ विकत घेण्याची ज्यांची ऐपत नाही अशा वाचकांचा त्यात खास विचार केला. १७४७ मध्ये ते लोकांना खुले झाले. १८६१ मध्ये राजवाड्याचा संग्रह त्यात मिळवून राष्ट्रीय ग्रंथालय झाले, आणि इटलीत छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत येथे येऊ लागली. १९३५ मध्ये ते आर्नोच्या अगदी काठावरच्या नव्या इमारतीत आले. ही जागा किती धोक्याची ते १९६६ मध्ये कळले.

४ नोव्हेंबरच्या पहाटे आर्नो पात्राबाहेर आली. घरे तापवण्यासाठी साठवलेले तेल टाक्या फुटून पाण्यात मिसळले आणि तो तेलकट चिखल तळघरांत, देवालयांत, दुकानांत शिरला. शहर आणि आसपासच्या प्रदेशात ३५ माणसे दगावली. सान्ता क्रोचेतील चिमाबुएच्या प्राचीन क्रूसचित्राचा बराचसा रंग धुऊन गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील मौल्यवान हस्तलिखिते बव्हंशी वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. पण खालच्या मजल्यांवरचे माल्याबेकीचे व राजवाड्याच्या संग्रहातले मोठ्या आकाराचे ग्रंथ, वृत्तपत्रांच्या फायली आणि तालिकापत्रे चिखलात बुडाली. पालाझ्झो स्ट्रोझीतील व्ह्यूसोच्या वाचनालयाचेही प्रचंड नुकसान झाले.

पुढच्या आठवड्यांत जे घडले त्यासाठी फ्लॉरेन्सची आठवण ग्रंथप्रेमी माणसाने ठेवावी. संचालक इमॅन्युएले कासामास्सिमा कामाला भिडले. इटलीतून आणि परदेशांतून विद्यार्थी आपण होऊन आले. तळघरापासून वरपर्यंत माणसांची साखळी करून एकेक चिखलाळलेला ग्रंथ हातोहात बाहेर काढला गेला. दुर्गंधीमुळे काही जणांनी तोंडाला विषारी वायूपासून संरक्षण करणारे मुखवटे बांधले होते. त्या तरुणांना इटालियन लोक ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. ग्रंथांवर लाकडाचा भुसा टाकला, पानापानांत टीपकागद घातले. रेल्वे स्थानकाच्या बाष्पगृहात आणि तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत ते वाळवले. इंग्लंडहून पीटर वॉटर्स यांच्यासारखे बांधणीतज्ज्ञ आले. त्या कामातून ग्रंथसंरक्षणाचे आजचे शास्त्र पुष्कळसे घडले. त्यातला एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. जाड पुठ्ठ्याच्या आणि भरपूर सरसाच्या भारदस्त बांधणीपेक्षा मऊ चर्मपत्राची साधी, लवचीक, केवळ शिवणीवर उभी असलेली बांधणी पुरात अधिक चांगली टिकली. ग्रंथालयात डागडुजीचे काम आजही संपलेले नाही.

एवढ्यावर आमची फेरी संपली. पण या नगरात मराठी माणसाने पाहावी अशी आणखी एक जागा आहे. ती नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला, कास्चिने उद्यानाच्या अगदी टोकाला आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा प्रवास करून परतत असता फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर रोजी वयाच्या विसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. इटलीत तेव्हा दहनाची चाल नव्हती. खास परवानगी मिळून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीप्रमाणे त्यांचे दहन झाले. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली आणि तीत त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा; कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यांच्याच आराखड्यावरचे. १९७८ मध्ये जवळच पूर्ण झालेल्या पुलाला लोक ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. बहुतेकांना तो भारतीय कोण, हे सांगता येत नाही. छत्री त्यांचा चेहरा सांगते. हा तरुण राजा काय पाहत होता, कोणाला भेटत होता, हे कळते ते त्यांच्या रोजनिशीमुळे; कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केलेली ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परदेशी वारलेल्या एका मराठी राजाला बोलते ठेवले आहे ते त्या लहानशा पुस्तकाने.

या सहाशे वर्षांचा गोषवारा काढायचा तर एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते. जो संग्रह एका घराण्याचा राहिला तो घराण्याच्या पडझडीबरोबर विखुरला. जो इतरांसाठी ठेवला गेला त्याच्यावर संकटे कमी आली असे नाही. आग, सुरुंग, बॉम्ब, पूर सगळे आले. पण प्रत्येक वेळी त्याला हात लावणारे कोणी तरी होते. निक्कोलीच्या कर्जाला कोसिमो होता. माल्याबेकीच्या ग्रंथांना, अडीचशे वर्षांनी, त्याचे नावही न ऐकलेले विद्यार्थी होते. आणि हे सारे आम्हांला कळले ते भिंतींमुळे नव्हे. भिंतीसमोर उभी राहून कोठे पाहायचे ते दाखवणारी एक जाणती व्यक्ती बरोबर होती.

आपल्या ग्रंथालयाला शंभर वर्षे झाली. आपल्याकडेही देणगीदारांच्या नावांची कपाटे आहेत, जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, मोडी लिपीतल्या सह्यांच्या नोंदवह्या आहेत. त्यांची हकीकत माहीत असलेली दोन-चार ज्येष्ठ मंडळी आज आपल्यात आहेत. माझी कार्यकारी मंडळाला नम्र सूचना अशी, की शताब्दीच्या वर्षापासून दर महिन्याच्या एखाद्या रविवारी नव्या सभासदांची, विशेषतः मराठी शाळा ज्यांना लाभली नाही अशा मुलांची, पाच-पाच जणांची तुकडी करून आपल्याच ग्रंथालयाची अशी पायी फेरी काढावी. ज्येष्ठांपैकी कोणी पुढे चालावे, कपाट उघडावे, पुस्तक हातात द्यावे आणि ते येथे कसे आले ते सांगावे. अंतर साठ-सत्तर पावलांचे आहे. वेळ मात्र तासभर राखून ठेवावा.